वार लावलेली भाकरी

जामखेडच्या बाजूला एका मिशनच्या शाळेत मी मराठी शिकवते. प्रेम नुसतं बोलायचं नसतं, करून दाखवायचं असतं, असं दर रविवारी चर्चमध्ये ऐकायचं आणि सोमवारी शाळेत येताच मला करून दाखवायची भारी घाई. समोरच्याला काय हवंय ते विचारायला मात्र सवड नसायची.

नववीत एक मुलगी होती. दसरा झाला की तिचे आईवडील ऊसतोडीला जायचे आणि ती म्हाताऱ्या आजोबांजवळ राहायची. शाळेतली खिचडी आठवीपर्यंतच. त्यामुळे मधल्या सुट्टीत ती नळावर पाणी पिऊन परत बाकावर येऊन बसायची. मला ते बघवेना. वर्गातल्या एकेकाला मी वार लावून दिला. ज्याचा वार असेल त्यानं तिच्यासाठी जास्तीची भाकरी आणायची.

एवढ्यावर थांबले असते तर मी कसली! वारांचा रंगीत तक्ता करून भिंतीवर लावला, वर क्रूस काढला. शाळेत पाहुणे आले की त्यांना आवर्जून तिथं नेऊन दाखवायची. ती दुसऱ्या बाकावर खाली मान घालून बसलेली असायची.

एके दिवशी तिनं मला व्हरांड्यात गाठलं.

"बाई, माझा वार कवा?"

मला हसू आलं. "तुझा कशाला गं? सगळे तुझ्यासाठीच तर आणतात."

"आमच्या बी घरी ज्वारी हाय की. सकाळी शेळ्यांचं, आज्याचं करता करता डबा ऱ्हातो. एक दिस लवकर उठून समद्यांसाठी करते. माझ्या भाकरी लई पातळ हुत्यात."

"राहू दे. तू फक्त अभ्यास कर," म्हणत मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आपण किती मायेनं बोललो, असंही मला वाटलं.

नाताळच्या सुट्टीनंतर ती आलीच नाही. चौकशीला गेले तर आजोबा म्हणाले, "आईबापाकडं गेली तिकडं कोल्हारला. म्हनली, शाळंत रोज दुसऱ्याचं खायाची लाज वाटती."

पुढच्या रविवारी उपासना बुडवून मी पहाटेच्या एसटीनं निघाले. नगरला गाडी बदलून, विचारत विचारत उसाच्या फडाजवळची त्यांची पाचटाची झोपडी, म्हणजे कोपी, गाठली, तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मला बघून पोरीचा चेहरा असा फुलला! मी काही बोलायच्या आत तिनं परात ओढली. तव्यावरून उतरवलेली भाकरी चुलीच्या जाळापुढं टम्म फुगली. तिनं ती ताटात घातली, शेजारी मिरचीचा ठेचा वाढला आणि ताट माझ्यापुढं सरकवलं.

माझं लक्ष पिठाच्या डब्याकडे. तो तळाला गेला होता.

"अगं, मी जेवून आलेय," मी म्हणाले. धडधडीत खोटं. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

तिनं ताट उचलून चुलीजवळ ठेवलं. तिथंच बसलेली तिची आई मात्र बोललीच, "आमच्या हातचं चालत न्हाई का बाई तुमाला?"

"नाही हो, तसं काही नाही," असं म्हणत राहिले, पण ताटाकडे हात काही गेला नाही. माझ्या आजोबांच्या हातचं पाणी एके काळी गावात कोणी घेत नव्हतं. चर्चमध्ये पहिल्यांदा सगळ्यांच्या पंगतीला बसायला मिळालं, म्हणून ते ख्रिस्ती झाले. ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात अभिमानानं सांगते. आणि त्या कोपीत मला ती आठवलीसुद्धा नाही. याची आजही लाज वाटते.

"शाळेत चल," मी तीनतीनदा म्हणाले. फी, पुस्तकं, सगळं बघते म्हणाले.

ती हात धूत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "निघा बाई तुमी. गाडी चुकंल."

मी उपाशीच परत आले. तिची शाळा तिथंच सुटली, आणि ती माझ्यामुळे सुटली, याबद्दल मला आता शंका उरलेली नाही.