पोट भरल्यावर काय?

इंग्रजी घेतलेल्या मुलांना कॉलेजात पहिलं वर्ष सगळं एकत्रच शिकावं लागे. दुसऱ्या वर्षाच्या तोंडावर मात्र तीन वाटा फुटत: साहित्य, भाषाशास्त्र आणि व्यावसायिक लेखन. कोणती धरायची ते ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि ठरवणं सोपं जावं म्हणून तिन्ही वाटांचे शिक्षक एका सकाळी मोठ्या वर्गात येऊन आपापला माल मांडत. विभागात अर्थात माल हा शब्द कोणी काढत नसे. त्याला मार्गदर्शन म्हणायची पद्धत होती.

साहित्याचं मार्गदर्शन रुमालसरांकडे. हे नाव मुलांनी ठेवलेलं. सरांना ते चांगलं ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. भाषण दरवर्षी तेच. आवाज हळूहळू खाली येई, चष्मा निघे, आणि सर म्हणत, "बाळांनो, पोट काय, कसंही भरेल. पण पोट भरल्यावर काय?" इथे रुमाल. पांढराशुभ्र, इस्त्रीचा, डोळ्यांत पाणी असो नसो, ठरल्या वाक्याला खिशातून बाहेर येणारा. मागच्या बाकावरची टगी पोरंसुद्धा त्या क्षणी गप्प होत. दोन-तीन मुली खऱ्याच रडत. आणि साहित्याचा वर्ग भरे.

तो भरणं भागच होतं. पुरेशी मुलं जमली नाहीत तर वर्ग बंद, आणि सरांची रवानगी कॉमर्सच्या पोरांना रजेचा अर्ज शिकवायला. त्या नुसत्या विचारानं सरांना घाम फुटे.

भाषाशास्त्राचे सर फळ्यावर घशाचं चित्र काढून, जिभेला बाण दाखवून, मुकाट्यानं खाली बसत. त्यांचा कोणालाच त्रास नव्हता. सरांचं खरं वाकडं होतं ते तिसऱ्या वाटेच्या मॅडमशी. मॅडमची मुलं यंत्रांसोबत येणारी माहितीपुस्तकं, कंपन्यांचे अहवाल, चिडलेल्या गिऱ्हाइकांना द्यायची उत्तरं असलं काहीबाही लिहायला शिकत. वर त्यांना नोकऱ्याही लागत, आणि हा सरांच्या मते निव्वळ असभ्यपणा होता. स्टाफरूममध्ये ते त्यांना मिक्सरबाई म्हणत. "झाकण घट्ट लावा, एवढं शिकवायला दोन वर्षं लागतात का हो?" असं ते मॅडमना ऐकू जाईल इतपत हळू विचारत. मॅडम पेपरांच्या गठ्ठ्यातून मान वर काढत नसत.

सगळं असं झकास चाललं होतं, आणि सरांचा स्वतःचा मुलगाच पहिल्या वर्षाच्या वर्गात येऊन बसला.

पोरगा वाचणारा. जेवताना वाचायचा, बूट घालताना वाचायचा, एकदा तर वाचतावाचता शेजारच्यांच्या घरात शिरला होता. चारचौघांत सर त्याचं तोंडभर कौतुक करत आणि घरी आले की काळजी करत बसत. कारण साहित्य घेतलेल्यांचं पुढे काय होतं, हे सरांइतकं कोणाला माहीत असणार? त्यांचा एक लाडका विद्यार्थी कुरिअरच्या ऑफिसात पत्ते चिकटवत होता. दुसरा बसस्टॉपवर भेटला तेव्हा हसत म्हणाला होता, "सर, तुमच्या त्या प्रश्नापर्यंत मी अजून पोचलोच नाही." तेव्हापासून सरांनी बसस्टॉप बदलला होता.

"तो साहित्य घेणार बहुतेक," एके दिवशी जेवताना सर म्हणाले. पोराला ताप आलाय, अशा आवाजात.

"घेऊ दे की," बायको म्हणाली. "लोकांच्या पोरांना तर रडवून रडवून घ्यायला लावता."

"लोकांच्या पोरांची गोष्ट वेगळी."

"का? त्यांना पोट नसतं?"

"अगं, तसं नाही..."

"आणि पोट भरल्यावर काय, हे तुम्ही विचारता तरी कोणत्या तोंडानं? पोट भरल्यावर तुम्ही झोपता. लग्न झाल्यापासून बघतेय मी."

पोराला सरळ सांगणं शक्य नव्हतं. इतक्या वर्षांचा रुमाल आडवा येत होता. शेवटी सरांनी मानापमान गुंडाळून ठेवला आणि मॅडमचं दार ठोठावलं. मॅडमच्या खोलीत प्रिंटर खरखरत होता. बसायच्या खुर्चीवर फायलींचा ढीग होता आणि तो उचलायची मॅडमना काही घाई दिसली नाही.

"मॅडम, एक विनंती होती. आमच्या चिरंजीवांना जरा तुमच्या बाजूला वळवा."

"झाकण घट्ट लावायला?"

"अहो, ती आपली गंमत हो."

"बरीच वर्षं चालली गंमत," मॅडम म्हणाल्या. "सर, मी कोणाला वळवत नाही. यायचा तो येतो. तुम्हीच सांगा ना त्याला."

"मी कसं सांगू? मी साहित्याचा माणूस!"

"मग उद्याचं भाषण जरा वाईट करा."

मॅडमनी टोमणा मारला होता. सरांनी तो सल्ला म्हणून घरी नेला आणि वाईट भाषणाची तयारी केली.

दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम कंटाळवाण्या सुरात सुरू झाले. मुलगा तिसऱ्या रांगेत होता. सर अभ्यासक्रमाचे तपशील वाचू लागले. दुसऱ्या मिनिटाला एकानं जांभई दिली. चौथ्या मिनिटाला पहिल्या बाकावरच्या मुलीनं सरळ मोबाइल काढला. पोराचं भलं एकीकडे आणि समोरची जांभई एकीकडे. सरांचं रक्त उसळलं. आवाज खाली आला. चष्मा निघाला. "बाळांनो, पोट काय, कसंही भरेल..." आणि रुमाल बाहेर! मुलीनं मोबाइल ठेवला. सरांनी भरल्या गळ्यानं तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. मुलाचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते, त्यांच्या एक शब्द पुढे.

साहित्याचा वर्ग त्या वर्षी असा भरला की बाकं कमी पडली. संध्याकाळी याद्या लागल्या. सरांनी आपली यादी दोनदा पाहिली. तिच्यात मुलगा नव्हता. तो मॅडमच्या यादीत होता. सरांचा जीव भांड्यात पडला. ते आभार मानायला धावले, तर मॅडम म्हणाल्या, "मी त्याच्याशी अवाक्षर बोलले नाही."

इथे शहाणा माणूस गप्प घरी जाऊन जेवला असता. पण सरांना आता वेगळंच लागलं. आपलं भाषण इतकं रंगलं, आणि घरचाच पोरगा त्याला बधला नाही?

"साहित्य का नाही घेतलंस रे?" त्यांनी घरी शिरताशिरता विचारलं.

मुलानं पुस्तकातून डोकं वर केलं. "मला वाचायला आवडतं, बाबा. म्हणून नाही घेतलं."

"म्हणजे?"

"आई सांगते, तुम्हीही पूर्वी खूप वाचायचात. मी तुम्हाला पेपर तपासताना बघितलंय. आरशासमोर भाषणाची तालीम करताना बघितलंय. वाचताना कधी बघितल्याचं आठवत नाही. कपाटातलं कुठलंही पुस्तक काढलं की धूळ माझ्याच हाताला लागते." त्यानं पुस्तक बाजूला ठेवलं. "मला भीती वाटली. शिकलो, मग शिकवायला लागलो, तर माझंही तसंच व्हायचं."

दुखवायला बोलला असता तर सरांनी त्याला झापलं असतं. पण तो बिचारा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत होता. सर पार आतून दुखावले. डोळे खरेच भरून आले, आणि रुमाल काढायचं काही त्यांना सुचलं नाही.

रविवारी जेवण झाल्यावर सरांनी कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं. स्वतःच्या हातानं धूळ झटकली, दोनदा शिंकले, आणि बाहेरच्या खोलीत, मुलाला जिच्यासमोरून जावंच लागेल अशा खुर्चीत, पुस्तक उंच धरून बसले. बायकोनं आतून डोकावून पाहिलं आणि दार अलगद लोटून घेतलं.

तासाभरानं मुलगा बूट घालायला तिथे आला. पुस्तक सरांच्या पोटावर उताणं पडलं होतं आणि सर घोरत होते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात सवयीनं घेतलेलं लाल पेन. पहिल्या पानावर छपाईच्या दोन चुकांभोवती त्यांनी गोल काढले होते. मुलानं पेन सोडवून त्याला टोपण लावलं, चष्मा काढून ठेवला. पानात खुणेला घालायला जवळपास काही दिसेना, तेव्हा त्यानं वडिलांच्या खिशातला रुमाल हलकेच ओढून काढला, घडी घातली आणि पहिल्याच पानात ठेवून पुस्तक मिटलं.