मुंबईचा शिक्का

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात भावाच्या पायात गोळी घुसली. ऑपरेशनसाठी वडिलांनी त्यांचं जुनं अमेरिकन टपाल तिकीट विकायला काढलं. कापसाच्या पेढीतल्या रद्दीत मिळालेलं ते तिकीट शंभर वर्षांपूर्वीचं होतं, दातेरी कडा नसलेलं, कात्रीने कापलेलं. लालबागच्या आमच्या चाळीत तिकिटं जमवणारे सगळे करत, तेच वडिलांनीही केलं होतं. लिफाफा तपेल्यात भिजवून तिकीट सोडवलं आणि वर्तमानपत्रावर वाळवून वहीत लावलं.

फोर्टातल्या व्यापाऱ्याने भिंगातून पाहिलं. "काका, लिफाफा कुठाय?"

"त्याचं काय करायचं? चुलीत गेला."

"त्याच्या पाठीवर मुंबईला पोचल्याचा शिक्का होता?"

"होता. काळा, गोल."

"मग खरा भाव तिकिटासकट त्या लिफाफ्यालाच होता. सुटं तिकीट बऱ्याच जणांकडे आहे."

त्याने देऊ केलेल्या पैशांत औषधंही आली नसती. वडील तिकीट खिशात घालून दुकानाबाहेर पडले. वाटेत भिंतींवर आम्हीच चिकटवलेली पत्रकं होती: मुंबई आमची.

भाऊ अजून लंगडतो. मुंबईसाठी त्याने पाय दिला. तिच्या नावाचा बाजारभाव मात्र आमच्या चाळीत कोणालाच ठाऊक नव्हता.