झाडाला लावलेली हळद

चहा ओता, सांगतो. माणसानं किती येडपटपणा करावा याला काही मर्यादा असते की नाही? मी ती या फेब्रुवारीत ओलांडली. आणि दोष द्यायला दुसरं कुणी नाही, सगळं स्वतःच्या हातानं!

मी चित्रकलेचा मास्तर, आता रिटायर. कोल्हापुरात मंगळवार पेठेत वरच्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्यांत एकटाच असतो. बायको जाऊन चार वर्षं झाली. एकुलती एक लेक आशू, ती पुण्यात नोकरीला. तुम्हाला खोटं वाटेल, पण पोरीशी बोलायचं कसं हे मला कधी शिकावंच लागलं नव्हतं. ही होती तेव्हा आशू हिला सांगायची, ही मला सांगायची. मी हिला सांगायचो, ही आशूला सांगायची. मधलं माणूसच गेल्यावर राहिलं काय? आठवड्यातून एक फोन.

"जेवलात?"

"जेवलो. तू?"

"जेवले."

"थंडी हाय का तिकडं?"

"नाही."

झालं! संपला फोन! मग मी कितीतरी वेळ मोबाईल हातात धरून तसाच बसायचो.

दिवाळीला आली तेव्हा कुंडीतलं एक झाड घेऊन आली. पीस लिली म्हणतात त्याला. म्हणाली, "बाबा, खोल्या कोंदट आहेत तुमच्या. खिडकी एकच, तीही बंद. या झाडावर लक्ष ठेवा. घरातली हवा बिघडली की याची पानं पिवळी पडतात." असं तिनं कुठंतरी वाचलेलं.

आता पोरीनं दिलेलं झाड ते! तिची आठवण आली की मी त्याला तांब्याभर पाणी घालायचो. दिवसाला चार-पाच तांबे सहज व्हायचे. मग काय होणार? एक पान पिवळं पडलं. मी आपला सहज फोटो पाठवला.

दोन मिनिटांत फोन! "बाबा, गॅस नीट बंद करता ना? भिंतीला ओल आलीय का? रंगाचे डबे उघडे ठेवता का घरात?" वीस मिनिटं! वीस मिनिटं माझी लेक माझ्याशी बोलत होती हो! बोलता बोलता साहेबाला शिव्या घातल्या, मेसच्या आमटीला नावं ठेवली आणि मध्येच अशी हसली, की क्षणभर मला वाटलं हिची आईच बोलतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी झाडासमोर स्टूल टाकून बसलो. आता दुसरं पान कधी पिवळं पडतंय? पण ते लेकाचं हिरवंगार!

मग मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. तीस वर्षं पोरांना रंगकाम शिकवलेला माणूस मी. डब्यातली हळद घेतली, दोन थेंब पाणी, बारीक ब्रश. कडेला गडद, मध्ये फिकट आणि टोकाला चहाच्या पाण्याचा तपकिरी हात. इतकं देखणं आजारी पान तुम्ही जन्मात बघितलं नसेल!

फोटो गेला. फोन आला. अर्धा तास!

मग चटकच लागली. रोज एक पान. बरं, पानांवर तरी थांबावं? एक दिवस तिनं विचारलं, "बाबा, डोकं जड होतं का तुमचं?" नाही म्हटलं तर बोलणं संपणार. म्हटलं, "होतं थोडं थोडं."

"आणि चक्कर?"

"उठताना येते जराशी."

तिनं ताबडतोब खाली घरमालकांना फोन लावला. मालक म्हणजे दत्ताअप्पा. उद्यमनगरात जन्मभर लेथ चालवलेला माणूस, आवाज अजून मशीनच्या वरचा. धाडधाड जिना चढून आले.

"मास्तर! माझ्या घराची हवा खराब हाय म्हणं? बारा वर्सं ऱ्हाताय, कधी शिंक आली न्हाय तुमास्नी, आनि आत्ता खराब?"

अप्पांचा चष्मा खाली राहिलेला. त्यांनी लांबूनच झाडाकडं बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "आयला, खरंच की वो! पिवळंधम्मक झालंय. मास्तर, तुमास्नी काय झालं तर मी पोरीला कुठल्या तोंडानं सांगू?"

दुपारी अप्पा ड्रिल आणि हातोडा घेऊन हजर! हवा खेळती राहायला पंखा बसवायचा म्हणून स्वयंपाकघराच्या भिंतीला हे एवढं भोक! मी म्हणतोय, "ऱ्हाऊ दे अप्पा, ऱ्हाऊ दे!" ते म्हणतायत, "तुम्ही बसा वो, चक्कर येतीया तुमास्नी!" विटा पडतायत, धुरळा उडतोय आणि बारा वर्षांत पहिल्यांदाच त्या घरात मला खरोखर श्वास घेता येईना!

नेमका तेव्हाच आशूचा फोन. मी बोलायला गेलो तर नुसता खोकला. पलीकडून किंकाळीच आली, "मी निघालो, बाबा!"

आमची आशू पुण्यात राहून 'निघाले, आले, गेले' म्हणायला शिकलीय. घाबरली की मात्र आतली कोल्हापूरची पोरगी बाहेर येते आणि 'निघालो' म्हणते. म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलेलं.

आणि खरं सांगू? मला आनंद झाला. लाज वाटली, पण आनंद जास्त. दही आणलं, खर्डा केला, भाकऱ्या थापल्या. त्यातल्या दोन तर गोलसुद्धा झाल्या.

त्याच दिवशी, शुक्रवारी रात्री आली. आधी माझ्या कपाळाला हात लावून बघितला, मग झाडापाशी गेली. पानांवर भिंतीची धूळ बसलेली, म्हणून ओल्या रुमालानं एक पान पुसलं. रुमाल पिवळा, पान हिरवं. दुसरं पुसलं. तेही हिरवं. तिनं रुमाल नाकाशी नेला.

"बाबा... हळद?"

दारात दत्ताअप्पा उभे. या वेळी चष्म्यासकट! "अवो मास्तर! पोरीला लावायची हळद झाडाला लावलीसा व्हय?"

मला वाटलं आशू हसेल. नाही हसली. तिथंच फरशीवर बसली. "नुसतं 'ये' म्हटला असता तर आलो नसतो का मी?"

"तुला काम असतंय..." मी म्हटलं. "उगंच कशाला..."

मग ती रडली, मग हसली, मग आम्ही दोन दिवस बोललो. आई कढीत आलं घालायची की लसूण, यावर भांडलोसुद्धा. इतकं चांगलं भांडण कैक दिवसांत झालं नव्हतं.

रविवारी स्टँडवर सोडायला गेलो. चांगला धीर आलेला. बस लागली तेव्हा जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं म्हटलं, "आशू, पाडव्याला ये की. चांगली आठ दिवस ऱ्हा."

बसच्या पायरीवर ठेवलेला पाय तिनं खाली घेतला.

"बाबा, पाडव्याला आठ दिवसांची रजा काढलेली मी. न सांगता येऊन तुम्हाला चकित करणार होते. आता कामाच्या ऐन घाईत पळून आले, म्हणून साहेबांनी ती रजाच रद्द केली."

"अगं, मग आधी सांगायचं न्हाईस?"

"काय सांगायचं? बाप आधी की पाडवा?"

बस हलली. खिडकीतून तिचा हात दिसत होता तोवर मीही हात हलवला. मग तिथल्याच बाकड्यावर बसून हिशेब केला. तीस वर्षांची सगळी कला पणाला लावून मी काय मिळवलं? आठ दिवस राहायला येणारी पोरगी दोन दिवसांत परत पाठवली!