दिराचा पगार

बारा वर्षं मी सिरसाळ्यातल्या एका पाइप-मोटारींच्या दुकानाची मालकीण होते, आणि हे मला सोडून सगळ्या सरकारी खात्यांना ठाऊक होतं. यांच्या नावावर खताचं दुकान आधीच चालत होतं. दोन्ही दुकानांची कमाई एकाच माणसाच्या नावावर दिसली तर कर जास्त बसतो, म्हणून पाइपाचं दुकान माझ्या नावावर काढलं. तिथं बसायचा माझा दीर. समोर मी त्याला अहो-जाहो करते. लिहिताना करणार नाही. त्याला स्वतःच्या नावावर चिठोरंही नको असायचं. "आपून कागदातच न्हाई, तर आपल्याला कोन इचारतंय?" असं तो मिशीत हसत सांगायचा आणि घरातले त्याच्या हुशारीचं कौतुक करायचे. मी भाकरी थापता थापता हात पुसून सह्या करायचे.

तीन वर्षांपूर्वी हे गेले. खताचं दुकान बंद झालं. दीर महिन्याला खर्चाला काहीतरी हातावर ठेवायचा, तेही चारदा आठवण केल्यावर. लेकीला अंबाजोगाईला नर्सिंगला प्रवेश मिळाला. फी भरायला आठ दिवस होते, म्हणून मी दुकानात गेले. गिऱ्हाईक होतं, दोन हमाल होते. सगळ्यांसमोर तो म्हणाला, "वैनी, नाव तुमचं हाय, दुकान न्हाई. पोरीचं लगीन करून टाका, सुटाल."

डोकं इतकं तापलं होतं की चपला दुकानाबाहेरच राहिल्याचं घराच्या दारात आल्यावर कळलं.

यांचा फोन मी बंद केला नव्हता. रोज चार्ज करायचे. दर महिन्याला त्यावर सहा आकडे यायचे आणि पाठोपाठ दिराचा फोन, "वैनी, ओटीपी आला असंल, सांगा." मी मुकाट सांगायचे. त्या आकड्यांवाचून जीएसटीचं विवरण भरलंच जात नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दोनच दिवसांनी आकडे आले. मी म्हणाले, "आला न्हाई." पुन्हा आले. "आला न्हाई, भावजी." तिसऱ्यांदा त्याचा आवाज चिरकला, आणि कित्येक महिन्यांनी मला जेवण गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी अंबाजोगाईला कराच्या वकिलांकडे गेले. बारा वर्षं माझ्या सह्या बघणाऱ्या त्या माणसाने मला पहिल्यांदाच बघितलं.

"ताई, कागदावर दुकान तुमचं, बँकेचं खातं तुमचं," ते फाइल चाळत म्हणाले. "कर चुकला तर नोटीसही तुमच्याच नावाने येणार."

"आणि माझे दीर?"

"ते कागदावर कुणीच नाहीत. पगार दाखवलात तर नोकर. तो पगार खर्चात धरता येतो, तुमचा कर थोडा कमी होईल."

इतका गोड सल्ला मला आयुष्यात कुणी दिला नव्हता. मी तडक बँकेत गेले, दिराकडे असलेलं माझ्या कोऱ्या सह्यांचं चेकबुक रद्द केलं आणि नव्यातला पहिला चेक लेकीच्या फीचा फाडला. मग दुकानात जाऊन गल्ल्यावर बसले. त्याने आरडाओरडा केला, भावकी गोळा केली. मी कागद पुढे केले. एकाने वाचले, आणि चहा न घेताच सगळे उठले.

दीर आठवडाभर फिरकला नाही. मग आला, कारण त्याला दुसरं काही येत नव्हतं. खरं सांगायचं तर कोणत्या बोअरला कोणती मोटार लागते, हे मलाही त्याच्यावाचून कळत नव्हतं. मी त्याला पगार लावला. दर महिन्याला, त्याच्या खात्यात, न मागता.

गेल्या वर्षी त्याला घरावर मजला चढवायचा होता. कर्जासाठी बँकेने तीन वर्षांची आयकर विवरणं मागितली. जन्मभर कागदापासून लांब पळालेल्या माणसाकडे ती कुठून असणार? मग बँकेने पगाराचा दाखला आणायला सांगितला. तो माझ्यासमोर उभा राहिला.

"हुद्दा काय लिहू, भावजी?"

"भागीदार लिवा की, वैनी," तो हळू म्हणाला.

मॅनेजर लिहिता आलं असतं. विक्रेता लिहिता आलं असतं. मी 'नोकर' लिहिलं, शिक्का मारला आणि गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं. आता आपलं मन आपल्याला खाईल, असं वाटलं होतं. खाल्लं नाही.

चार दिवसांनी तो परत आला. बँकेला जामीनदार हवा होता, आणि इतकी वर्षं बिनचूक विवरणं भरलेलं माणूस घरात एकच होतं. मी नाही म्हणाले. त्याची बायको येऊन रडून गेली, तिलाही नाही म्हणाले.

त्याच्या गच्चीवरच्या उघड्या सळया माझ्या अंगणातून दिसतात. सकाळी चहा घेताना मी त्या बाजूला तोंड करून बसते.