नानांची दुखरी कंबर

दोह्यात नोव्हेंबर उजाडला, घराघरांतले एसी बंद झाले, की अल अझीझियातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावरून नानांची हाक यायची, "मधुरा, शुक्रवारी तंबू घेऊन निघायचं! यशोधनला सांग, कारणं चालणार नाहीत." माझा नवरा यशोधन आयटीतला, कारणं शोधण्यात पटाईत. पण नानांपुढं त्याची डाळ शिजायची नाही.

नाना मुशैरिबच्या एका ऑफिसात ड्राफ्ट्समन. मूळचे साताऱ्याकडचे. घरात टॉवेल कुठं टाकला हे या माणसाला आठवायचं नाही, पण वाळवंटात तंबूची दोरी जराशी सैल दिसली की यांचा जीव खालीवर. तंबू मोठा, खाकी, त्यांच्या बायकोनं, लताकाकूंनी, जागोजागी ठिगळं लावलेला. तळमजल्यावरचा चिपळूणचा काशिफ त्याची जीप काढायचा, आम्ही सगळे खांब धरून उभे राहायचो आणि नाना खुंट्या ठोकायचे. हातोडा दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा नाही, हा नियम. मग आत सतरंजी, सतरंजीवर पंगत, आणि वाकून वाकून वाढणाऱ्या लताकाकू. कुणाच्या पानातली भाकरी संपत आलीय हे त्यांना मान वर न करता कळायचं.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी काकूंना तंबूतल्या गादीवरून उठताच येईना. गुडघे आखडले होते. शेवटी यशोधन आणि काशिफनं काखेत हात घालून त्यांना उभं केलं.  परतीच्या वाटेवर काकू सबंध वेळ खिडकीबाहेर बघत बसल्या. पुढच्या आठवड्यात म्हणाल्या, "तुम्ही जा. मला ती वाळू आता नको वाटते." मी गुडघ्यांचं नाव काढलं मात्र, काकू उसळल्या, "माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय?"

काकू नाहीत म्हणून नाना गेले नाहीत आणि नाना नाहीत म्हणून आमचंही जाणं राहिलं. शुक्रवारी नाना बाल्कनीत नुसते उभे असायचे. मला काकूंचा भयंकर राग यायचा. दुखतंय म्हणायला काय जातं या बाईचं? पण कुणी कीव केलेली त्यांना खपत नाही, हे बिल्डिंगभर सगळ्यांना ठाऊक होतं.

या वर्षी दिवाळी झाली आणि नानांनी जाहीर केलं, "माझी कंबर गेली. आता जमिनीवर झोपणं खलास." आणि उम्म सलाल मोहम्मदहून, देश सोडून चाललेल्या एका कुटुंबाकडून, ते फोल्डिंग कॅम्पर घेऊन आले. बंद असताना चाकांवरची चपटी पेटी. झाकण वर उचललं की पुढं-मागं दोन्ही बाजूंनी पलंग बाहेर सरकतात, वर कापडी छप्पर ताणलं जातं, मधोमध टेबल. चार कोपऱ्यांना जमिनीवर टेकवायचे चार लोखंडी पाय. माझी लेक ईशा आत शिरून ओरडली, "नाना, धिस इज सो कूल!" मी मात्र पलंगाची उंची बघत होते. खुर्चीवरून उठावं तसं उठता येईल, एवढी. त्याच सकाळी लिफ्ट बंद होती म्हणून तांदळाचं पोतं खांद्यावर घेऊन जिना चढताना मी नानांना बघितलं होतं. वर शीळ घालत होते. मला जे कळायचं ते कळलं आणि मी तोंडाला कुलूप लावलं.

काशिफ आणि यशोधननं नानांची यथेच्छ थट्टा केली. म्हातारे झालात, आता काठी घ्या, हातोडा आमच्याकडं द्या. कधी कुणाचं ऐकून न घेणारा हा माणूस कंबरेवर हात ठेवून गुमान ऐकत राहिला. हातही कधी डावीकडं, कधी उजवीकडं.

"एवढी दुखतेय तर घरी बसा ना," काकू म्हणाल्या.

"डॉक्टर म्हणाले, हवापालट करा."

"म्हणजे मला यावंच लागणार. तुमची कंबर चोळायला काय काशिफ येणाराय?"

पार्किंगमध्ये नारळ फुटला, चाकांना हळदीकुंकू लागलं आणि आम्ही झिक्रीतच्या वाळवंटाकडे निघालो.

तिथं पोचेपर्यंत सगळं छान होतं. घोळ नानांनीच घातला. जुन्या तंबूचा मोह सुटेना, म्हणून तो त्यांनी सोबत आणला होता. कॅम्पर जीपपासून सोडवला, दाराबाहेर तो तंबू सतरंजीसारखा अंथरला आणि सगळ्यांना पंगतीला बसवलं. काकूंना म्हणाले, "तू वरच बस आरामात. आज मी वाढतो." काकू आत मागच्या पलंगाच्या कडेला, ताट टेबलावर. आम्ही सगळे खाली.

काकूंनी एक घास खाल्ला आणि ताट सरकवलं.

"मला काय देवीसारखं उंचावर बसवलंय? तुम्ही खाली जेवणार आणि मी नैवेद्याची वाट बघू? मला घरी सोडा, काशिफ. मी नव्हतेच येणार."  आता गेल्या तर या बाई पुन्हा कधी वाळवंटात येणार नाहीत, हे मला स्वच्छ दिसत होतं. नाना पिठल्याचं पातेलं घेऊन जागच्या जागी उभे. एवढं रडवेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

काशिफ ताट घेऊन उठला. "काय काकी, कंबर फक्त नानांनाच हाय काय? माझी मान धरलीय कालपासून. मला पण वर जागा द्या." यशोधनला लगेच टाच दुखत असल्याचं आठवलं. मी म्हटलं, माझं तर सगळंच दुखतं. ईशाला काही दुखत नव्हतं, ती तशीच चढली. सगळे दाटीवाटीनं त्या मागच्या पलंगावर, काकूंना चिकटून. काकू डोळे पुसत "अरे, सरका की मेल्यांनो" म्हणाल्या. तेवढ्यात कॅम्पर कुरकुरला, पुढून उचलला गेला आणि आम्ही ताटांसकट मागे कलंडायला लागलो.

नानांनी वरच्या कापडाच्या दोऱ्या तीनतीनदा ताणून बघितल्या होत्या. जन्म तंबूत गेलेला माणूस. ते चार लोखंडी पाय खाली सोडायचे असतात, हे साफ विसरले होते.

पातेलं वाळूत पडलं. नाना धावत आले, खाली वाकले आणि काकू बसल्या होत्या त्या कोपऱ्याखाली त्यांनी खांदा दिला. "लता, हलू नकोस! धरलंय मी!" काशिफ आणि यशोधन उड्या मारून उतरेपर्यंत आणि पाय खाली सोडेपर्यंत त्या माणसानं एकट्यानं तो कोपरा पेलला होता. मग ते ताठ उभे राहिले, हात झटकले आणि हसले.

आणि एकदम त्यांच्या लक्षात आलं. सगळ्यांच्याच लक्षात आलं. नानांचा हात कंबरेकडं गेला, पण फार उशिरा.

काकू त्यांच्याकडं बघत होत्या. मग पलंगाची कड धरून त्या उठल्या, एकट्या, कुणाचा हात न घेता, आणि पायरी उतरून खाली आल्या.

"एवढं जड उचलतात का, अहो? तुमची कंबर ना दुखते?" त्या म्हणाल्या. "मधुरा, माझ्या पिशवीतला बाम दे गं."

नाना मुकाट्यानं पायरीवर पाठमोरे बसले. काकू पुन्हा वर चढून त्यांच्यामागं, दाराजवळच्या पलंगाच्या कडेला बसून त्यांची धडधाकट कंबर चोळू लागल्या.

"इथं दुखतंय?"

"हो."

"आणि इथं?"

"तिथं जरा जास्त."

"मग आता दर शुक्रवारी यावं लागणार," काकू म्हणाल्या आणि आणखी बाम घेतला.