कॅप्टनचा सत्कार

आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजला कोल्हापूरबाहेर कुत्रं विचारत नव्हतं. मग एका वर्षी आमच्या पोरांनी विद्यापीठाचा फुटबॉल चषक आणला, पुढच्या वर्षी पुन्हा आणला, आणि कॉलेजचं नशीबच फिरलं. प्रवेशाला झुंबड उडाली, कंपन्या दारात आल्या. त्यातल्याच एका कंपनीने मला पुढे दोहात आणलं. इथे अल सद्द भागात आमचं माजी विद्यार्थी मंडळ शुक्रवारी जमलं की त्या फायनलचीच गोष्ट निघायची. शिकत असताना कॉलेजवर इतकं प्रेम कुणीच केलं नव्हतं.

दोन्ही वेळा चषक आणणारा कॅप्टनही दोहातच होता. दुसऱ्या फायनलच्या धांदलीत त्याचे शेवटच्या वर्षाचे दोन पेपर बुडाले, ते बुडालेच. "तू खेळ रे, पेपरचं आम्ही बघतो," असं तेव्हा प्राचार्यच म्हणाले होते. आता वर्ल्ड कपच्या एका स्टेडियमवर तो फोरमन होता आणि काम संपत आलं होतं. कंपनी त्याला इंजिनीअर म्हणून ठेवून घ्यायला तयार होती. फक्त पदवी हवी होती.

त्याच सुमारास तेच प्राचार्य दोहात यायचे ठरले. कॅप्टन मला म्हणाला, "तू मंडळात आहेस न्हवं? सरांच्या कानावर घाल की. दोन पेपरला बसू द्या म्हणावं. दुसरं काय नको मला."

मंडळाच्या बैठकीत मी सगळं सांगितलं. सगळे गहिवरले. आणि आपली माणसं गहिवरली की जे करतात तेच त्यांनी केलं. सत्कार ठरवला.

द पर्ल या श्रीमंती वस्तीतल्या हॉटेलात कॅप्टनला शाल-श्रीफळ दिलं. बाहेर अंग भाजणारा उन्हाळा आणि याच्या खांद्यावर लोकरीची शाल! प्राचार्य म्हणाले, याच्यामुळे आपल्या कॉलेजचं नाव झालं. टाळ्या पडल्या. जेवणाच्या रांगेत मी त्यांना गाठून पेपरचं विचारलं. "बघू, इन्शाल्ला," म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर हसले. हातातली ताटली त्यांच्या अंगावर फेकावी असं वाटलं मला. परत गेल्यावर त्यांनी मेल पाठवला, मुदत कधीच संपली आहे, नियमापुढे इलाज नाही.

स्टेडियम पूर्ण झालं, कॅप्टनचं काम खलास. शहरभर झेंडे लागत होते तेव्हा तो बॅग भरून गावी गेला. आमच्या ग्रुपवर मात्र त्याचा शालीतला फोटो फिरतच राहिला, खाली 'वर्ल्ड कपचा आपला शिलेदार'. तो फोटो पुन्हा एकदा आला तेव्हा राहवेना, म्हणून मी त्याला फोन केला.

"कॉलेजात फुटबॉल शिकवायची जागा निघालीया," तो म्हणाला. "मुलाखतीला जाऊन आलो. पदवी लागती म्हणाले."

"प्राचार्य होते?"

"होते की. चहा पाजला. चषकाच्या कपाटाम्होरं, माझ्याच फोटोखाली बसवलंतं मला."