गुदमरलेल्या समुद्राचा दगड

आईचा फोन आला तेव्हा मी पंचगंगेच्या घाटाजवळ भिंतीवर पत्रकं चिकटवत होतो. खाली पाण्यात मेलेले मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. "इंदूआत्या गेली रं," एवढंच आई म्हणाली...

इंदूआत्या माझ्या वडिलांची बहीण. कॉलेजात भूशास्त्र शिकवायची, मंगळवार पेठेत आमच्याच घरात वरच्या खोलीत राहायची. हिमालयातून आणलेला एक दगड तिनं मी लहान असताना माझ्या हातात दिला. कोट्यवधी वर्षांपूर्वी तो समुद्राचा तळ होता. खालच्या थरात शिंपल्यांची दाटी, वरच्या थरात एकही नाही. मधल्या काळ्या पट्ट्यात पिवळे कण चकाकत होते. "सोनं?" मी विचारलं. "सोनं न्हाय, पुरावा. पाण्यातला प्राणवायू संपला की तळाला लोखंड नि गंधक असं एक होतंय. सगळी गुदमरून मेली की रं." मग हळूच म्हणाली, "वर लाटा मात्र तशाच येत असणार." त्या वाक्याची भीती अजून अंगातून गेलेली नाही.

पुढे मी पत्रकं लिहू लागलो. नदीत घाण सोडणारे सोडतात आणि आपण नाकाला रुमाल लावून पूल ओलांडतो, याचा संताप होता. 'नदी मेली!' असं मोठ्या अक्षरांत लिहून तिला दाखवलं. "मेली म्हटलंस की लोकं तेराव्याचं जेवून हात धुतील. गुदमरतीया, असं लिही. अजून कायतरी करता येतंय." दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हा तिच्याच नाकात प्राणवायूची नळी होती. "माझा थर बदलाय लागला बघ," ती डोळे मिचकावत म्हणाली. "दगड कोरडा ठेव. कॉलेजच्या पोरांना दाखवायचाय."

दमट हवेत ते कण कुजतात, आम्ल सुटतं, दगडाचा भुगा होतो. म्हणून ती तो घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायची. ती गेल्यावर तीन आठवड्यांनी मी डबा उघडला, तर रिकामा! दगड देव्हाऱ्यात होता. कुंकवाखाली पांढरी भुकटी फुललेली. आई त्याला रोज आंघोळ घालत होती.

"आत्या देव मानत न्हवती की, आई!"

"मग एवढं जपायची कशाला?" आई रडायला लागली. मी दगड उचलून घेतला.

शिंपल्यांचा थर सुटून ताम्हनात चुरा झाला होता. उरला तो काळा पट्टा आणि वरचा रिकामा थर. तेवढाच वाळवून डब्यात ठेवला आणि घाटावर गेलो. बोटांना गंधकाचा वास होता, काठावरही तोच. भिंतीवरच्या माझ्या पत्रकात 'गुदमरते आहे' असं होतं. ते अजून खरं असेल ना?...

वर पाणी तसंच वाहत होतं.